पाण्याखालचा गिअरबॉक्स आणि त्याचं तेल

मोटारबोटीच्या इंजिनाकडे मालकाचं लक्ष आपोआप जातं. ते समोर दिसतं, आवाज करतं, तापलं की काटा वर चढतो, तेलाचा दाब उतरला की दिवा लागतो. त्या इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत पोचवणारा गिअरबॉक्स मात्र बोटीच्या मागे पाण्यात बुडालेला असतो. तो बिघडत चालल्याचं कानाला कळेपर्यंत दात झिजलेले असतात आणि बेअरिंगांवर गंज चढलेला असतो. त्याच्या पोटातली खबर वेळेवर बाहेर आणणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्यातलं तेल. तेलाची पातळी, रंग, वास आणि त्यातून येणारा धातू नीट पाहणाऱ्या मालकाला दुखणं सील बदलण्याच्या टप्प्यावरच सापडतं. न पाहणाऱ्याला ते गिअर बदलण्याच्या टप्प्यावर सापडतं.

आपल्याकडच्या मासेमारीच्या ट्रॉलरमध्ये इंजिन बोटीच्या पोटात असतं आणि लांब शाफ्ट तळातून बाहेर पडून पंखा फिरवतो. हा इनबोर्ड. मांडव्याला किंवा तारकर्लीला दिसणाऱ्या वेगवान फायबर बोटींच्या मागच्या फळीवर अख्खं इंजिन टांगलेलं असतं. ते आउटबोर्ड. स्टर्नड्राइव्ह या दोन्हींच्या मधला. इंजिन आत, मागच्या फळीला खेटून. आणि फळीच्या बाहेर वळणारा, वर उचलता येणारा ड्राइव्ह. व्होल्वो पेंटाने १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने तो बाजारात आणला. त्यामागे जिम विन या अमेरिकन इंजिनिअरची कल्पना होती. १९६१ साली मर्क्युरीचा ‘मर्क्रूझर’ आला आणि पुढे अमेरिकेतल्या तळ्यातळ्यांवर तोच पसरला. भारतात स्टर्नड्राइव्ह तुलनेने कमी आहेत. पण त्याचा खालचा अर्धा भाग आणि आउटबोर्डचा खालचा भाग यांची रचना जवळजवळ एकच. त्यामुळे पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं मांडव्याच्या आणि तारकर्लीच्या आउटबोर्डवाल्यांनाही लागू पडतं.

उदाहरणासाठी मर्क्रूझरचा ‘अल्फा वन जनरेशन टू’ घेऊ. हा ड्राइव्ह १९९१ पासूनचा आणि जगभर अतिशय प्रचलित. इंजिनाकडून येणारा आडवा शाफ्ट रबरी भात्यातल्या युनिव्हर्सल जॉइंटमधून ड्राइव्हच्या वरच्या भागात शिरतो. तिथे तिरक्या दातांचे बेव्हेल गिअर ताकद ९० अंशांत वळवून खाली पाठवतात. उभा शाफ्ट ती खालच्या भागात नेतो आणि तिथे ती पुन्हा ९० अंशांत वळून पंख्याच्या शाफ्टवर येते. पुढे जाण्याचा आणि मागे येण्याचा, असे दोन्ही गिअर याच खालच्या भागात असतात.

इंजिनाची सगळी अश्वशक्ती दोनदा काटकोनात वळते आणि प्रत्येक वळणावर सगळा भार एका वेळी मोजक्याच दातांवर असतो. ४.३ लिटरच्या व्ही-सिक्स इंजिनाबरोबर येणाऱ्या ड्राइव्हमध्ये इंजिनाच्या साधारण १.८ फेऱ्यांमागे पंख्याचा एक फेरा होतो, म्हणजे पंख्याच्या शाफ्टवर पिळाचा जोर पावणेदोन पटींहून अधिक. हे सगळं सांभाळणारं तेल किती? सुमारे १.९ लिटर. गाडी सपाट रस्त्यावर बराचसा वेळ हलक्या भारावर धावते. बोटीला तो आराम नाही. ती पाणी फोडत सतत भाराखाली चालते. म्हणून या दोन लिटरांना मी इंजिनाच्या तेलापेक्षा कमी मान देत नाही.

हे तेल साधं नसतं. बेव्हेल गिअरचे दात एकमेकांवर लोळतात तसे घसरतातही आणि तिथे दाब इतका असतो की नुसता तेलाचा थर पिळून निघून जातो. त्यासाठी गंधक आणि फॉस्फरसची संयुगं तेलात घातलेली असतात. दात घासून तापले की ही संयुगं पोलादाशी रासायनिक क्रिया करून अतिशय पातळ थर तयार करतात आणि दातांऐवजी तो थर झिजतो. गिअर ऑइलचा डबा उघडताच येणारा उग्र वास या गंधकाचाच. जीएल-५ असं डब्यावर लिहिलेलं असतं ते या क्षमतेचं मानक. गॅरेजमध्ये ज्याला ‘नव्वद नंबर’ म्हणतात ते एसएई ९० गिअर ऑइल अल्फात चालतं, पण ते बोटीसाठी बनवलेलं हवं. ट्रकच्या डिफरन्शिअलचं नव्वद नंबर दातांचा भार पेलेल, मात्र पाण्याशी गाठ पडली की त्याची अडचण होते. बोटीच्या तेलात गंजरोधक द्रव्यं जास्त असतात आणि थोडंफार पाणी शिरलंच तर ते धरून ठेवून धातूचा बचाव करण्याची सोय असते. व्होल्वो पेंटाच्या कित्येक ड्राइव्हना सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० लागतं. आपल्या ड्राइव्हचं मॅन्युअल जे सांगेल तेच घालावं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. नव्वद नंबरचं गिअर ऑइल चाळीस नंबरच्या इंजिन ऑइलच्या दुपटीहून घट्ट असतं, असं पुष्कळांना वाटतं. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला एसएई ९० गिअर ऑइलची श्यानता १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असते आणि एसएई ४० इंजिन ऑइलची १२.५ ते १६.३ च्या दरम्यान. घट्टपणात फरक थोडाच आहे, खरा फरक आतल्या द्रव्यांचा. म्हणून ‘जरा पातळ आहे, पण चालेल’ असं म्हणत ड्राइव्हमध्ये इंजिन ऑइल ओतणं किंवा ‘घट्ट बरं’ म्हणून ग्रीस भरणं, दोन्ही सारखंच घातक.

आता तपासणीकडे येऊ. अल्फा जनरेशन टूमध्ये इंजिनाच्या कप्प्यात प्लास्टिकची एक छोटी टाकी असते आणि नळीने ती ड्राइव्हच्या तेलाशी जोडलेली असते. तिच्यावर पातळीच्या खुणा असतात. काही जुन्या ड्राइव्हना ही टाकी नसते, तिथे वरच्या भागावर डिपस्टिक असते. ती पूर्ण आटे बसवून वाचायची की नुसती टेकवून, हे मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवा, कारण दोन्ही रीतींत पातळी वेगळी दिसते. टाकी असो वा डिपस्टिक, तपासायचं इंजिन थंड असताना, बोट निघण्यापूर्वी. तेल तापलं की फुगतं आणि खोटी, भरपूर पातळी दाखवतं.

टाकीतली पातळी थोडी खाली आली तर लगेच घाबरायचं कारण नाही. नुकतंच तेल बदललं असेल तर आत अडकलेली हवा पहिल्या एकदोन फेऱ्यांत वर येते आणि तेवढं तेल खाली उतरतं. पण बंद पेटीतलं तेल जळत नाही आणि उडूनही जात नाही. मर्क्युरीच्या मॅन्युअलात यासाठी सरळ आकडा दिला आहे: टाकी भरायला ५९ मिलिलिटरपेक्षा जास्त तेल लागलं तर कुठलंतरी सील गळत असण्याची शक्यता धरावी. म्हणून भर घालताना अंदाजाने ओतू नये. मापाने घालावं आणि तारीख, इंजिनाचे तास व मिलिलिटर बोटीच्या वहीत लिहावेत. अशी चारसहा टिपणं एकाखाली एक आली की गळती वाढते आहे की नाही ते स्पष्ट होतं. थंड असताना पातळी वाढलेली दिसली, तर ती कमी झाल्यापेक्षा वाईट खूण. तेल स्वतःहून वाढत नाही. आत पाणी शिरलं असणार.

टाकीतलं तेल स्वच्छ दिसलं म्हणजे खालचं तेलही स्वच्छ, असं मात्र समजू नका. टाकी अरुंद नळीच्या टोकाला असते, तिथलं तेल खालच्या तेलात सहजी मिसळत नाही. खाली सगळं दुधाळ झालेलं असतानाही टाकी चकचकीत दिसू शकते. खालचं तेल पाहायचं तर खालूनच काढावं लागतं.

पाणी आत शिरतं कसं, हे समजलं की पुढची अर्धी काळजी सोपी होते. ड्राइव्ह चालताना तापतो, आतलं तेल आणि हवा फुगते. बोट थांबली की भोवतीचं थंड पाणी ड्राइव्हला झपाट्याने निववतं, आतलं तेल आकसतं आणि आत किंचित निर्वात तयार होतो. सील धडधाकट असेल तर काही होत नाही. सीलच्या ओठाला चीर असेल तर त्या निर्वाताने पाण्याचा थेंब आत ओढला जातो. प्रत्येक फेरीमागे थोडं थोडं. म्हणजे बोट धावत असताना होत नाही ते नुकसान जेट्टीला बांधल्यावर होतं. टाकी पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेली असते तीही याचसाठी: वरच्या तेलाच्या वजनामुळे आतला दाब थोडा जास्त राहतो, सील फाटलं तरी पाणी आत येण्याऐवजी आधी तेल बाहेर जातं आणि टाकीतली पातळी उतरून मालकाला इशारा मिळतो.

पंख्याच्या शाफ्टवर सहसा दोन सील पाठीला पाठ लावून बसवलेली असतात, एक आतलं तेल अडवायला, दुसरं बाहेरचं पाणी अडवायला. त्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तंगूस. पाण्यात सोडून दिलेली नायलॉनची दोरी किंवा जाळ्याचा तुकडा पंख्याभोवती गुंडाळला जातो, फिरता फिरता पंख्याच्या मागे शिरतो, घर्षणाने वितळतो आणि सीलचा ओठ कापतो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून पंखा अधूनमधून काढून शाफ्टवर दोरीचा वेढा आहे का, हे पाहायला हवं. आपल्या खाड्यांमध्ये आणि बंदरांच्या तोंडाशी तुटकी जाळी इतकी तरंगत असतात की हे काम वर्षातून एकदा करून भागणार नाही. पंख्याला हात लावण्याआधी चावी काढून घ्या, लीव्हर न्यूट्रलला आणा. यात कुठलीही सवलत नाही.

बाकीच्या वाटा थोडक्यात: गिअर बदलणाऱ्या शाफ्टचं सील, वरच्या आणि खालच्या भागाच्या सांध्यातली ओ-रिंग, अल्फात पाण्याचा पंप उभ्या शाफ्टवरच बसतो, त्याच्या तळचं सील, आणि खुद्द ड्रेन प्लगखालचा छोटा वॉशर. काही रुपयांच्या या वॉशरमुळे तेल दुधाळ झाल्याच्या घटना इतक्या सर्रास घडतात की सील बदलायला ड्राइव्ह उघडण्याआधी तो पाहावा. रबरी भात्यात तेल सापडलं, तर इंजिनाकडच्या शाफ्टचं सील गेलं. भात्यात पाणी सापडलं, तर भाता फाटला, आणि ते तेलापेक्षाही तातडीचं आहे, कारण त्या वाटेने पाणी बोटीतही येऊ शकतं.

तेल काढायचं तर बोट जमिनीवर, ट्रेलरवर हवी आणि ड्राइव्ह पूर्ण खाली, उभा. बोट रात्रभर तशीच राहिलेली असेल तर फार चांगलं. तेलाची घनता पाण्यापेक्षा कमी, त्यामुळे मोकळं पाणी रातोरात तळाशी बसतं. खालचा ड्रेन प्लग सैल करा, पण लगेच काढू नका. पहिला थेंब बोटावर घ्या. तो पाण्याचा असेल तर आणखी काही तपासण्याआधीच निदान झालं. मग स्वच्छ भांडं खाली धरून प्लग काढा आणि वरचा व्हेंट प्लग उघडा. वरून हवा गेल्याशिवाय तेल मोकळं वाहत नाही. काही ड्राइव्हमध्ये खालचा प्लग पंख्याच्या मागे असतो, तिथे आधी पंखा काढावा लागतो.

पुष्कळ ड्राइव्हमध्ये प्लगच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर जमलेलं बोटांत चोळून पाहा. मऊ राखाडी लेप बोटांवर पसरला आणि काहीच टोचलं नाही, तर ती नेहमीची झीज आहे. नव्या ड्राइव्हच्या पहिल्या काही तासांत ती जरा जास्तच असते. कण खरखरले, सुईसारखी सळई निघाली किंवा नखाएवढा कपचा आला, तर गिअरचा दात किंवा बेअरिंग तुटतंय. तेव्हा नवीन तेल भरून बोट पाण्यात सोडणं म्हणजे पैसे आणि प्रवासी दोन्ही पणाला लावणं.

रंग पाहताना एक काळजी घ्या. नुकत्याच चाललेल्या ड्राइव्हच्या तेलात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि तेही तेलाला धूसर करतात. काढलेलं थोडं तेल पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर ठेवा, शेजारी नव्या तेलाचा नमुना ठेवा. हवा असेल तर सकाळी तेल निवळलेलं दिसेल. धूसरपणा तसाच राहिला किंवा तळाशी पाण्याचा थर दिसला, तर सील गेलंय. शंका उरलीच तर एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकावा. पाणी असेल तर तो तडतडतो, नसेल तर नुसता धूर सोडतो. चष्मा लावून आणि थेंब म्हणजे थेंबच टाकून हे करावं. तेल काळंकुट्ट आणि जळका वास मारत असेल, तर ड्राइव्ह तापतोय. तेल कमी पडलं होतं, भलताच भार होता, किंवा तेल वर्षानुवर्षं बदललंच नाही, यातलं एक कारण बहुधा निघतं.

पाण्यावर तेलाचे इंद्रधनुषी तवंग दिसले म्हणून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. स्टर्नड्राइव्हच्या इंजिनाचा धूर बऱ्याचदा पंख्याच्या मधल्या पोकळीतूनच पाण्यात सोडतात. त्याबरोबर न जळलेलं पेट्रोलही येतं आणि तवंग त्याचाही असू शकतो. बोट वर काढल्यावर पंख्याचा हब पुसून कोरडा करा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. शाफ्टच्या कडेने तेलाची ओली रेघ उतरली असेल, तर तो पुरावा.

गळती कुठून आहे हे नेमकं शोधायला मेकॅनिक रिकाम्या ड्राइव्हमध्ये हवा भरून दाब टिकतो का ते पाहतात. सुरुवात अगदी कमी दाबाने झाली पाहिजे. ओठाचं सील असं असतं की दाब वाढला की ओठ शाफ्टवर घट्ट दाबला जातो. जे सील जोराच्या दाबाला टिकतं तेच कमी दाबाला फुसफुसू शकतं. आधी कमी, मग जास्त, आणि शेवटी हवा खेचून निर्वात. ड्राइव्ह निवताना पाणी आत ओढलं जातं ती स्थिती या शेवटच्या चाचणीत उभी राहते, म्हणून ती गाळू देऊ नका. मेकॅनिकने एकदाच जोराची हवा मारून ‘ठीक आहे’ म्हटलं, तर तिन्ही चाचण्या करून मागा.

भरताना तेल खालून वर चढवायचं. वरून ओतलं तर हवा आत अडकते आणि पातळी पूर्ण दिसूनही वरचा भाग उपाशी राहतो. तेलाच्या बाटलीवर हातपंप बसवून त्याची नळी खालच्या भोकात आटे देऊन लावा आणि सावकाश पंप मारा. वरच्या व्हेंटमधून बुडबुड्याविना सलग तेल येऊ लागलं की आधी वरचा प्लग लावा. मग टाकीतली पातळी खुणेपर्यंत येईतो पंप करा आणि शेवटी पंपाची नळी काढून खालचा प्लग चटकन बसवा. शहाळ्यातल्या स्ट्रॉच्या वरच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी आतच थांबतं, तसं वरचा प्लग आणि टाकीचं झाकण बंद असलं की खालून फारसं तेल सांडत नाही. दोन्ही प्लगांना नवे वॉशर. जुना वॉशर धुऊन पुन्हा लावायचा मोह आवरा. ड्राइव्हचं आवरण अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तेव्हा प्लग अंगाचा जोर लावून आवळू नका, आटे उखडतात. नंतर ड्राइव्हच्या पाणी ओढणाऱ्या भोकांवर इअरमफ (होजला जोडलेल्या रबरी वाट्या) लावून, होजचं पाणी चालू करून इंजिन थोडा वेळ मंद चालवा. पाण्याशिवाय क्षणभरही चालवू नका, पाण्याच्या पंपाचा इंपेलर जळतो. निवल्यावर पातळी पुन्हा पाहा.

मुदत ठरलेली आहे: १०० तास किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. हौशी मालकाचे वर्षाला १०० तास क्वचितच भरतात, त्याच्यासाठी वर्षच खरं. प्रवासी वाहतूक करणाऱ्याने तासांवर जावं. मिशिगन किंवा मिनेसोटात राहणारे बोटवाले हे काम ऑक्टोबरात उरकतात, कारण तिथल्या हिवाळ्यात ड्राइव्हच्या तळाशी साचलेलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि आवरणाला तडा जातो. आपल्याकडे बर्फाची भीती नाही, पण पावसाळा आहे. जलक्रीडा बंद होतात, बोटी वर ओढून ताडपत्रीखाली महिनोन्‌महिने उभ्या राहतात. त्या काळात ड्राइव्हमध्ये वाटीभर खारं पाणी राहिलं, तर ते एका जागी बसून बेअरिंगच्या पोलादाला खात राहतं. गणपतीनंतर बोट उतरवताना तेल बदललं तरी तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून तेल हंगाम सुरू होताना बदलायची पद्धत मला मुळातच चुकीची वाटते. ते हंगाम संपताना बदलावं. त्यात दुसराही फायदा आहे. दोष निघाला तर सील मागवायला आणि बसवायला अख्खा पावसाळा हातात असतो.

काढलेलं तेल खाडीत, गटारात किंवा वाळूत ओतू नका. वापरलेलं तेल भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं आणि ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. डब्यात भरून, त्यात पाणी किंवा पेट्रोल न मिसळता, तेल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्या.

स्टर्नड्राइव्ह असो की आउटबोर्ड, या मे महिन्यात बोट वर काढाल तेव्हा ड्राइव्ह उभा ठेवा, एक रात्र जाऊ द्या आणि ताडपत्री टाकण्याआधी खालचा प्लग स्वतःच्या हाताने सैल करून पहिला थेंब पाहा. मेकॅनिकला बोलवायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.